ठासणीच्या बंदुकीचा दस्ता : नक्षीदार लाकूड आणि सरळ रेघ

१/२०
ठासणीची बंदूक म्हटली की नजर प्रथम नळीवर जाते, मग चापावर. नळी ज्या लाकडात बसवलेली असते त्या दस्त्याकडे शेवटी पाहिले जाते, तेही त्यावर हस्तिदंताची किंवा पितळेची कलाकुसर असेल तरच. वास्तविक बंदूक धरणाऱ्याचा गाल, खांदा आणि हात लाकडाला टेकलेले असतात. बार उडाल्यावर बसणारा धक्का लाकूड सोसते. हा धागा त्या लाकडाविषयी आहे : ते कसे निवडले जाते, कसे घडवले जाते, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या परिसरात त्याचा माग कुठवर जातो.

२/२०
प्रथम थोडी ओळख. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालतात आणि लांब गजाने ठासून बसवतात. नळीच्या मागच्या टोकाशी बारीक छिद्र असते. तिथे रंजक पेटली की आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते. तोडेदार बंदुकीत रंजक पेटवण्याचे काम जळती जामगी करी. पुढे गारगोटीची ठिणगी आली, आणि एकोणिसाव्या शतकात स्फोटक द्रव्याची छोटी तांब्याची टोपी आली. पेटवण्याची रीत बदलत गेली, तरी दस्त्याचे काम तेच राहिले.

३/२०
दस्त्याचे तीन भाग लक्षात ठेवावेत. पुढचा लांब भाग, ज्यात नळी बसते आणि जिच्याखाली गज सरकतो. मागचा रुंद भाग, जो खांद्याला टेकतो. आणि या दोहोंना जोडणारा, मुठीत मावणारा अरुंद भाग, म्हणजे दस्त्याची मान. मान सर्वांत बारीक असते, आणि नेमके तिच्याच लगत चापाची यंत्रणा बसवण्यासाठी लाकूड आतून कोरून काढावे लागते. बाराचा धक्का मागे येतो तोही याच वाटेने. जुनी बंदूक लाकडात मोडलेली असेल, तर ती बहुधा मानेत मोडलेली असते.

४/२०
लाकूड म्हणजे लांब तंतूंची घट्ट बांधलेली मोळी. तंतूंच्या दिशेने जोर आला तर ती पुष्कळ सोसते. तंतू आडवे पडले तर थोड्या जोरानेही दुभंगते. सरपण फोडणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. मानेतून तंतू उभे, सलग, पुढून मागे जात असतील तर मान टिकते. तेच तंतू तिरके जाऊन मानेच्या कडेला संपत असतील, तर वरून कितीही गुळगुळीत दिसली तरी ती मान आतून आधीच अर्धी तुटलेली असते. हात पोळण्याची, गालाला चीर पडण्याची भीती इथे असते.

५/२०
आता अडचण अशी, की लाकडाची नक्षी जन्मते ती तंतूंनी सरळ वाट सोडली म्हणून. खोडाला फांदी फुटते त्या बेचक्यात तंतू पिसाऱ्यासारखे पसरतात. मुळांजवळच्या बुंध्यात ते वळतात, एकमेकांत शिरतात. काही झाडांत ते लाटांसारखे वर-खाली होत जातात. अशी फळी तासली की कुठे तंतूंची बाजू उघडी पडते, कुठे त्यांची टोके. दोहोंवरून प्रकाश वेगळा परततो, आणि फळी हलवली की पट्टे जणू जागा बदलतात. डोळ्याला सुखावणारी ती हालचाल तंतूंच्या वळणाची खूण असते. जिथे सौंदर्य अधिक, तिथे ताकद कमी असण्याचा संभव अधिक.

६/२०
या पेचाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात जर्मन भाषक कारागिरांनी लांब नळीच्या, आटे पाडलेल्या ठासणीच्या रायफली घडवल्या. त्यांच्या दस्त्यांना मॅपलचे लाकूड असे, आणि वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखी लहर असलेल्या मॅपलला विशेष मान होता. व्हायोलिनच्या पाठीला लागते तेच हे लाकूड. पण या देखण्या रायफली मानेत मोडत. पितळी पत्रा किंवा कच्चे चामडे गुंडाळून सांधलेल्या कितीतरी रायफली आजही संग्रहांत दिसतात. त्या पत्र्याखाली नक्षीची किंमत लपलेली असते.

७/२०
म्हणून जाणता कारागीर फळी विकत घेताना नक्षी आहे का, एवढेच पाहत नाही. नक्षी कुठे आहे, हे पाहतो. मागच्या रुंद भागात लाकूड भरपूर असते. तिथे लहर, गाठीभोवतीचे वळण, बेचक्याचा पिसारा सारे खपते. मानेत मात्र रेघ सरळ हवी, आणि पुढच्या लांब भागातही सरळच हवी. तिथे नळीची खाच आणि गजाचे भोक यांमध्ये जेमतेम तीन-चार मिलिमीटर लाकूड उरते. दस्त्याचा पुठ्ठ्याचा नमुना फळीवर ठेवून, फिरवून, तंतूंची दिशा मानेशी जुळेपर्यंत सरकवणे हे या कामातले पहिले कौशल्य. बुंध्याकडचे टोक मागे आणि शेंड्याकडचे पुढे, अशी मांडणी त्यामुळेच रूढ झाली.

८/२०
हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीने या पेचातून वेगळी वाट काढली. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खनच्या बऱ्याच भागांत दिसणारी तोडेदार बंदूक पाच ते सहा फूट लांब, आणि तिचा दस्ता सडपातळ व जवळजवळ सरळ असतो. युरोपीय बंदुकीप्रमाणे तो मानेत एकदम खाली झुकत नाही. पाहणाऱ्याला हा आकार ओबडधोबड, अप्रगत वाटू शकतो. पण लाकडाच्या नजरेने पाहिले तर त्याचा अर्थ उलगडतो. दस्ता सरळ असला की नळीच्या तोंडापासून खांद्यापर्यंत तोच तंतू न तुटता जाऊ शकतो.

९/२०
त्याशिवाय आणखी दोन गोष्टी. चापाची यंत्रणा जिथे कोरून बसवली जाते, तिथे दोन्ही बाजूंना लांब लोखंडी पट्ट्या जडवलेल्या असतात. त्या शोभेच्याही असतात, पण मुख्यतः त्या पोखरलेल्या लाकडाला आवळून धरतात. आणि नळी लाकडाला बांधलेली असते ती चामड्याच्या वादीने, तारेने किंवा धातूच्या कड्यांनी. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. बांधणी सैल किंवा घट्ट करता येते. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर गोव्यात झालेल्या बंदुकांच्या कामाची तारीफ खुद्द आफोन्सो द आल्बुकर्कने आपल्या राजाला कळवली होती. हा प्रदेश बंदूक नुसती वापरत नव्हता, घडवतही होता.

१०/२०
आता ठाणे-कल्याणकडे वळू. शहापूर, मुरबाड आणि त्यापलीकडच्या घाटउताराची जंगले ही या भागाची खरी लाकूडवखार. साग, शिसव, ऐन, तिवस, धामण, खैर, हेदू, कळंब, धावडा ही इथली जुनी झाडे. उल्हास, काळू आणि भातसा या नद्या याच डोंगरांतून येऊन कल्याणच्या खाडीला मिळतात. डोंगरात लाकूड आणि पायथ्याशी भरतीचे पाणी, असा योग असल्यामुळे कल्याण आणि भिवंडी ही गावे जहाजांच्या कामाला सोयीची ठरली.

११/२०
१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराची पहिली बांधणी याच खाडीवर सुरू झाली. १६५९ च्या सुमारास या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता, आणि त्याची चिंता वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना लागली होती, हे पोर्तुगीज कागदांतून कळते. दुर्गाडीवरून आज खाडीकडे पाहणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की त्या आरमाराची सुरुवात पाण्यावर होण्याआधी रानात झाली होती. कोणते झाड तोडायचे, हे कोणीतरी आधी ठरवले होते.

१२/२०
जहाजाला साग उत्तम. तो पाण्यात कुजत नाही, फारसा फुगत किंवा आकसत नाही, आणि त्याच्या अंगचे तेल लोखंडी खिळ्यालाही सांभाळते. तोफांच्या गाड्यांनाही साग वापरला जाई. मग बंदुकीच्या दस्त्याला सागाची पहिली निवड का नाही? कारण सागाचे लाकूड सरळ रेघेत सहज फाटते, आणि एकाएकी बसणारा झटका त्याला तितकासा मानवत नाही. त्यात वाळूचा अंश असल्याने पटाशीची धारही लवकर जाते. जहाजाची फळी जाड असते. दस्त्याची मान दोन बोटांची. एकाच झाडाचा गुण एका कामात गुण ठरतो आणि दुसऱ्यात उणीव.

१३/२०
इथे शिसव पुढे येतो. जांभळट-काळ्या गाभ्यावर गडद रेषा, हे त्याचे रूप सर्वांना परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कोरीव काळे फर्निचर याच लाकडाने गाजवले. शिसवाचे तंतू थरागणिक उलट-सुलट कलतात. एक थर उजवीकडे झुकला की पुढचा डावीकडे. त्यामुळे रंधा मारताना लाकूड उखडते आणि सुतार वैतागतो. पण त्याच गुंतागुंतीमुळे ते सहजासहजी फाटत नाही. नक्षी आणि ताकद यांचे वैर इथे थोडे मावळते. हिंदुस्थानी बंदुकांच्या दस्त्यांत शिसव-शिसूच्या जातीचे घट्ट लाकूड वारंवार भेटते, त्यामागे हे कारण आहे. उणीव एकच : वजन. सागाहून ते बरेच जड.

१४/२०
बाकीच्या झाडांचेही स्वभाव पाहण्यासारखे आहेत. तिवस चिवट, म्हणून बैलगाडीच्या आणि औतांच्या कामाचा. धामण लवचीक, म्हणून कावडीला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला. ऐनाच्या गाभ्यात सुंदर काळसर लहरी असतात, पण वाळताना तो तडकतो. जुन्या आंब्याच्या बुंध्यात तर पिवळ्या, करड्या, काळ्या छटांचे चित्रच उमटलेले असते. परंतु आंब्याला कीड लवकर लागते आणि ओल मानवत नाही. घरगुती अवजाराचा दांडा मोडला तर नवा बसवता येतो. बंदुकीचा दस्ता मोडतो तेव्हा हातात पेटती दारू असते. म्हणून तिथे निवड अधिक कठोर.

१५/२०
लाकडाची निवड हा राज्यकारभाराचाही विषय होता. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट धोरण आहे. रानातले सागासारखे वृक्ष परवानगीने तोडावेत, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावेत. पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फार जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. लष्करी गरज आणि झाडाचा धनी यांच्यात इथे एक मर्यादा आखलेली दिसते.

१६/२०
पुढच्या शतकात ती मर्यादा पुसट झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली, आणि पुढे कसाऱ्याच्या घाटाकडे निघाली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे, वाढत्या मुंबईला तुळया आणि सरपण हवे. मग १८७८ हे वर्ष उजाडले. त्या एकाच वर्षी दोन कायदे आले : वनांचा कायदा आणि शस्त्रांचा कायदा. रानातला शिसव आणि घरातली ठासणीची बंदूक, दोन्ही एकाच साली सरकारी परवान्याखाली गेल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक गाऱ्हाणी इतकी वाढली, की १८८५ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

१७/२०
त्या दोन्ही कायद्यांचे वारस आजही लागू आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ठासणीची बंदूकही परवान्याशिवाय बनवता किंवा बाळगता येत नाही. पिकांच्या राखणीसाठी अशा बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद मात्र त्याच कायद्यात आहे, आणि कोकणातल्या काही शेतकऱ्यांकडे अशा बंदुका आहेत. साग, ऐन, आंबा, फणस ही झाडे खासगी जमिनीतही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिसवाच्या वंशातील सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रित आहे. तेव्हा ठाण्या-डोंबिवलीतल्या हौशी हातांसाठी सरळ मार्ग एकच : न उडणारी, निव्वळ लाकडी प्रतिकृती, आणि तीही जुन्या लाकडाची.

१८/२०
जुने लाकूड म्हणजे पाडलेल्या वाड्याची तुळई, मोडका पलंग, दाराची चौकट. दशकानुदशके वाळलेले हे लाकूड सहसा आता वाकत नाही. नव्या लाकडाला जाडीच्या दर इंचामागे सुमारे एक वर्ष सावलीत वाळवावे लागते, आणि टोकांना मेण किंवा रंग लावावा लागतो, नाहीतर ती आधी तडकतात. जुन्या तुळईत खिळ्यांची भोके, वाळवीची वाट आणि लपलेली चीर आधी शोधावी. रेघेची खरी दिशा कळण्यासाठी कडेचा एक तुकडा करवतीने न कापता पटाशीने फोडून पाहावा. करवत कुठल्याही दिशेने जाते. फूट मात्र तंतूंच्याच वाटेने जाते, आणि तीच वाट मानेतून सरळ गेली पाहिजे.

१९/२०
घडवण्याचा क्रम आतून बाहेर जातो. आधी नळीची खाच, मग यंत्रणेची जागा, आणि बाहेरचा आकार सर्वांत शेवटी. खाच कोरताना नळीला काजळ फासून ती लाकडात दाबतात. जिथे काळा डाग उमटेल तिथे लाकूड उंच आहे. गोल पटाशीने तेवढेच खरवडायचे, पुन्हा काजळ, पुन्हा दाब. शेकडो वेळा. मग वाकस, रंधा आणि कानशीने बाहेरचा आकार येतो. ओल्या फडक्याने पुसले की लाकडावर लव उठते, ती वाळल्यावर काचकागदाने उतरवतात. अक्रोड-मॅपलला जवसाचे तेल पातळ थरांनी मुरवतात. शिसवावर मात्र ते नीट वाळत नाही, कारण त्याच्या अंगचे तेल आड येते. म्हणून तिथे लाख किंवा मेण बरे. शिसवाचा भुसा त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, हेही ध्यानात असावे.

२०/२०
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या बंदुकांसमोर उभे राहण्याचा योग आला, तर नळीवरची नक्षी पाहून झाल्यावर नजर मानेवर न्यावी. रेघ कुठून येते आणि कुठे जाते, ते पाहावे. मानेत ती सरळ, मागे वळणदार असेल, तर तिथे एक जाणकार सुतार उभा होता असे खुशाल समजावे. जिथे पत्रा ठोकलेला दिसेल, तिथे कोणाच्या तरी हातात ती मोडली होती. लोखंड टिकते, लाकूड कुजते आणि बदलले जाते. म्हणून लोहाराचा ठसा नळीवर उरतो, पण दस्ता घडवणाऱ्याचे नाव सहसा कुठेच सापडत नाही. त्याची ओळख म्हणून उरते ती ही निवड : सुंदर फळी हाती असताना तिचा सर्वांत सुंदर भाग मानेपासून दूर ठेवण्याची.

(धागा समाप्त)